न आलेल्यांची वही

सांगलीत विश्रामबागच्या बाजूला आमची वसाहत आहे. तिथे एकट्या पडलेल्या माणसांसाठी दर बुधवारी संध्याकाळी कट्टा भरतो. १८ जून २०२५ ला तो सुरू झाला. परवाची संक्रांत धरून तीस बुधवार भरले, एक चुकला. त्या चुकलेल्या बुधवारबद्दल पुढे येईलच. "आमच्याकडेही करायचंय, परवानगी कुठून काढायची, खर्च किती, माणसं येतात का" असं विचारणारे फोन हल्ली येतात, म्हणून सगळं क्रमाने लिहून काढतो आहोत. कट्टा चालवणारे आम्ही चौघं. त्यात कोणी डॉक्टर नाही, समुपदेशकही नाही.

मेच्या शेवटच्या आठवड्यात यादी केली. १४० घरं, त्यांतली ३१ अशी की आत एकच माणूस किंवा दोघंच म्हातारी. मुलं पुण्याला, बंगळुरूला, एखादं परदेशात. यादीला बाहेर पडताना एक पुरुष आणि एक बाई अशी जोडी असावी. एकट्या पुरुषाला बायका दार अर्धंच उघडतात, आणि त्यांचं बरोबरच आहे. प्रश्न काय विचारायचा हे तिसऱ्या दिवशी कळलं. "एकटं वाटतं का?" या प्रश्नाला ३१ पैकी एकाही घरात "हो" आलं नाही. मराठी माणूस हे वाक्य बोलतच नाही. तो म्हणतो "करमत नाही", "दिवस जाता जात नाही", "घर खायला उठतं". त्याहून जास्त वेळा तो शरीराबद्दल बोलतो: झोप नाही, डोकं जड, छातीत धडधड, अन्नावर वासना नाही. त्यामुळे आम्ही प्रश्न बदलला. "गेल्या आठवड्यात घराबाहेरच्या कोणाशी बसून दहा मिनिटं बोललात?" याचं उत्तर लोक खरं देतात, कारण त्यात कमीपणा नाही. नुसतं आठवायचं असतं. सतरा घरांतून "नाही" आलं.

या फेऱ्यांमध्ये २०१९ चा पूर वारंवार निघाला. गावभाग आणि सांगलीवाडी सोडून नंतर इकडे राहायला आलेली काही घरं आहेत. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, तेव्हा पाणी ५७ च्या वर गेलं होतं. तीन घरांतून जवळजवळ एकच गोष्ट ऐकली: शाळेत सतरंजीवर झोपायचे, पंगतीत जेवायचे, तेव्हा एवढं वाटलं नाही. चिखल काढून, भिंतींना रंग देऊन आपापल्या दारांना कड्या लागल्यावर वाटायला लागलं. आपत्तीनंतर काम करणाऱ्यांना हे ठाऊक असतं. पहिले काही आठवडे माणसं एकमेकांना धरून असतात. खचण्याचा काळ त्यानंतर येतो, मदतीच्या गाड्या गेल्यावर.

पहिली चूक पत्रकाची. "मानसिक आरोग्य मेळावा" अशी दोनशे पत्रकं छापली, ₹४०० गेले. ११ जूनला एका अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये खुर्च्या मांडून बसलो. आम्ही चौघं सोडून तीन जण आले, त्यातले दोघं वॉचमनला विचारून आले होते की औषधं फुकट देणार आहेत का. पत्रक वाचून एक गृहस्थ दारातच म्हणाले, "आम्हाला काय वेड लागलंय होय?" दुसऱ्या पत्रकावर एवढंच छापलं: "बुधवारचा कट्टा. चहा, भडंग, गप्पा. सव्वापाच ते पावणेसात. वर्गणी नाही, भाषण नाही." शेवटच्या दोन शब्दांनी जास्त माणसं आणली असा आमचा अंदाज आहे.

वार आणि वेळ ठरवताना घाई करू नका. गुरुवारी दत्ताचे-स्वामींचे उपास आणि आरत्या, शुक्रवारी देवीचं, शनिवारी मारुती. शिवाय आठवडी बाजार असतो, आणि रविवारी घरी पाहुणे. बुधवार मोकळा निघाला. वेळ मात्र मुद्दाम निवडली आहे. एकट्या माणसाला सगळ्यात जड जाते ती कातरवेळ. दुपार डुलकीत जाते, रात्र मालिकेत जाते, मधला तासभर कुठे ठेवावा कळत नाही. कट्टा त्या तासावरच बसला पाहिजे. पण अंधारात परत जायला वयस्क घाबरतात. म्हणून पावसाळ्यात सव्वापाच आणि नोव्हेंबरपासून पावणेपाच अशी सुरुवात ठेवली, आणि उठताना एकाच बाजूला राहणाऱ्यांनी मिळून निघायचं.

आता परवानगी. पार्किंगमध्ये पावसाळा काढता येणार नव्हता, आणि वसाहतीत एक समाजमंदिर आहे जे वर्षातले तीनशे दिवस कुलपात असतं. ते ज्यांच्या ताब्यात आहे त्या कार्यालयात ९ जूनला साधा अर्ज दिला. तिथे कळलं की व्यक्तीच्या नावावर सभागृह मिळतं ते एका दिवसापुरतं: बारसं, साखरपुडा, फार तर वाढदिवस. दर आठवड्याला हवं असेल तर नोंदणीकृत संस्था लागते. संस्था काढायची तर किमान सात सभासद, घटना, ठराव, पत्त्यासाठी जागामालकाचं ना हरकत पत्र, आणि १८६० चा संस्था नोंदणी कायदा व १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा अशी दोन्ही खाली सहायक धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी. पुढे दर वर्षी हिशेब, आणि पदाधिकारी बदलला की फेरफार अर्ज. चहा पिण्यासाठी एवढं करायची गरज नाही. निदान पहिल्या वर्षी तरी करू नका. जवळच्या नोंदणीकृत ज्येष्ठ नागरिक संघाला किंवा महिला मंडळाला विचारा. आम्हाला एका संघाने ठराव करून दिला आणि त्यांच्या लेटरहेडवर अर्ज झाला.

२३ जूनला हा दुसरा अर्ज घेऊन गेलो. सोबत संघाचा ठराव, नोंदणी प्रमाणपत्राची प्रत, दोन जबाबदार व्यक्तींची आधार कार्डं आणि ₹५०० च्या स्टॅम्पवर हमीपत्र. अशा हमीपत्राला शंभराचा स्टॅम्प ऑक्टोबर २०२४ पासून चालत नाही, तो घेऊन जाऊ नका. अर्जात "कार्यक्रमाचं स्वरूप" असा रकाना होता. आम्ही लिहिलं, "एकत्र बसणे." टेबलापलीकडच्या बाईंनी दोनदा वाचलं. "हे कशात बसवू मी?" त्यांनीच मग मार्ग सुचवला, "विरंगुळा केंद्र लिहा, ते आमच्याकडे आहे." फाइलीला जो शब्द ओळखीचा असतो तोच लिहावा. आपला उद्देश कितीही खरा असला तरी त्याला फाइलीत खण लागतो.

पोच घेताना आवक क्रमांक लिहून घ्या. आमची फाइल मध्ये तीन आठवडे कुठे होती ते कोणालाच सांगता येत नव्हतं, पण आवक क्रमांकामुळे ती "नाहीच" असं कोणी म्हणू शकलं नाही. याच काळात, ३० जूनला, जागतिक आरोग्य संघटनेचा सामाजिक संबंधांवरचा अहवाल आला: जगात सहापैकी एका माणसाला एकटेपणा जाणवतो, आणि वर्षाला ८ लाख ७१ हजारांच्या वर मृत्यूंशी त्याचा संबंध आहे. त्या बातमीची मराठी कात्रणं आम्ही १४ जुलैच्या स्मरणपत्राला जोडली. उपयोग झाला का ते माहीत नाही. त्या दिवशी विचारलेला प्रश्न होता, "पंखे लावणार, मग वीजबिल कोण भरणार?" शेवटी ₹३,००० अनामत आणि प्रत्येक वेळी सफाईचे ₹५० यावर जमलं. ५ ऑगस्टला ११ महिन्यांचं पत्र हातात पडलं. पहिल्या अर्जापासून ५७ दिवस. तुम्ही दोन महिने धरूनच चाला, आणि तोवर पार्किंग, ओसरी, देवळाचा पार, जिथे जमेल तिथे सुरू करा. जागा मिळाल्यावर माणसं जमवू म्हणाल तर जागा मिळेपर्यंत तुमचाच उत्साह उरणार नाही.

ध्वनिक्षेपकाची परवानगी आम्ही मागितलीच नाही, कारण माईक ठेवायचाच नाही हे ठरलं होतं. माईक आला की एक जण वक्ता होतो आणि बाकीचे श्रोते. पैशाचंही असंच. लोकांकडून वर्गणी गोळा करायची तर धर्मादाय कार्यालयाची कलम ४१क खालची परवानगी लागते, गणेश मंडळांना लागते तीच. आम्ही दारोदार काहीच मागत नाही. चहाच्या टेबलावर भोक पाडलेला स्टीलचा डबा असतो, येणारे आपसात काय टाकायचं ते टाकतात. डबा पारदर्शक नको, कोणी दहा टाकले आणि कोणी पन्नास हे दिसता कामा नये. आठवड्याचा खर्च सरासरी ₹३३० येतो: चहा १५०, भडंग १३०, सफाई ५०. डब्यात कधी २२० निघतात, कधी ५००.

६ ऑगस्टला समाजमंदिरात पहिला बुधवार. एकोणीस माणसं. पुढच्या बुधवारी अकरा, त्याच्या पुढच्या बुधवारी आठ. का गळतायत ते कळेना. मग एका मावशींनी आमच्यातल्या बाईंना बाजूला घेऊन सांगितलं: संडासाला आतून कडी नाही, दिवा नाही, आणि भारतीय पद्धतीचं असल्याने एकदा खाली बसल्यावर उठता येत नाही. साठीच्या पुढच्या बाईला दीड तास बाहेर काढायचा तर हा पहिला हिशेब असतो. आणि तो कोणी मोठ्याने बोलत नाही. कडी ₹६०, दिवा ₹९०, भिंतीला धरायला स्टीलचा दांडा बसवून ₹७००, आणि वर ठेवायची कमोड खुर्ची एका घरून मिळाली, त्यांच्याकडे ती आजींच्या मागे पडून होती. यावर झालेला खर्च हा आमचा सगळ्यात सार्थकी लागलेला खर्च आहे. तुम्ही जागा बघायला जाल तेव्हा आधी तिथे जा, स्टेज नंतर बघा.

दुसरं कारण ऐकू न येणं. पंखा, पत्र्यावरचा पाऊस आणि वीस माणसांचा कलकलाट यात कमी ऐकू येणारा माणूस दहा मिनिटांत थकतो आणि नुसता हसत बसतो. दोन आठवडे हसतो, तिसऱ्या आठवड्यात येत नाही. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या आयोगाने स्मृतिभ्रंशाचे जे चौदा टाळता येण्यासारखे धोके मांडले आहेत त्यात कमी ऐकू येणं आणि एकटं पडणं ही दोन्ही आहेत. आमच्या अनुभवात पहिल्याचंच बोट धरून दुसरं येतं. उपाय साधा आहे. अशा माणसाला भिंतीला पाठ लावून कोपऱ्यात बसवायचं, त्याच्याजवळ चारच्या वर खुर्च्या नकोत, डोक्यावरचा पंखा बंद, आणि बोलताना तोंड त्याच्या समोर. खुर्च्या हाताच्या हव्यात, गुडघे दुखणाऱ्याला उठताना आधार लागतो. सतरंजीवर गोल करून बसणं फोटोत छान दिसतं, तेवढंच.

कामं चार जणांत वाटलेली आहेत: दार, चहा, फिरता आणि वही. दारावरच्याने नव्या माणसाला नावाने आत न्यायचं आणि पाच मिनिटांच्या आत त्याच्या हातात काही तरी द्यायचं, कपांची थाळी असो नाहीतर पाण्याचा तांब्या. रिकाम्या हाताने बसलेला नवा माणूस घड्याळ बघतो. फिरत्याने एकच बघायचं, कोण भिंतीकडे सरकलंय आणि कोण अर्धा तास एकटाच बोलतोय. निवृत्त माणसं बोलायला लागली की थांबत नाहीत, त्यांचं तोंड बंद करायचं नसतं. त्यांना चहा वाटायला उठवायचं.

आणि भडंग. सांगलीत हा विषय काढला की भांडण ठरलेलं. सुरुवातीला आम्ही तयार आणत होतो. मग परवडेना म्हणून तिथेच कालवायचं ठरलं. तीस जणांना अर्धा किलो भडंगाचे जाड चुरमुरे, पाव किलो शेंगदाणे, लसणाच्या तीन मोठ्या गड्ड्या, दीड वाटी तेल, कढीपत्ता, तिखट, हळद, मीठ, थोडी पिठीसाखर. सभागृहात गॅस लावायचा नाही अशी अट आहे, म्हणून फोडणी शेजारच्या घरी होते आणि परातीत कालवणं इथे. लसूण टेबलावर टाकला त्या दिवशी कट्ट्याचा आवाज बदलला. एका काकूंचं म्हणणं लसूण सोलून घ्यायचा. समोरच्या अण्णांनी हात वर करून अडवलं, "भडंगाचा लसूण सालासकट ठेचायचा असतो, साल कुरकुरीत होते, तीच खरी चव." तोवर दोन महिन्यांत अण्णा "बरंय" याच्या पुढे बोलले नव्हते. त्यांची आई हळदीच्या पेठेत हमालांना भडंग विकायची, हे त्या दिवशी कळलं. पुरुष समोरासमोर बसून मनातलं सांगत नाहीत. शेजारी-शेजारी बसून हाताने लसूण ठेचत असले, नजर पाट्यावर असली, की सांगतात. म्हणून आता दर बुधवारी हाताला काही तरी काम ठेवतोच: शेंगा फोडणं, पावटे सोलणं, वाती वळणं. जे घरी एकट्याने करताना कंटाळवाणं वाटतं तेच.

लसणाचा एक पेच आहे. आमच्यात जैन घरं बरीच आहेत, आणि चातुर्मासात कांदा-लसूण न खाणारी इतरही. त्यामुळे बिनलसणाचा वाटा आधी कालवून वेगळ्या डब्यात काढायचा, चमचाही वेगळा. सूर्यास्तानंतर न खाणारे असतात, म्हणून खाणं साडेपाचलाच. कवळी असणाऱ्यांना चुरमुरे चालतात, शेंगदाणे नाहीत. केळी ठेवा. चहाच्या दोन किटल्या, बिनसाखरेच्या किटलीला लाल दोरा. भजन, हळदीकुंकू, कोणाच्या वाढदिवसाचा केक यातलं काहीही कट्ट्याच्या वेळेत घेतलं नाही. भजनाला येणारे भजनाला येतातच, जे कशालाच जात नाहीत त्यांच्यासाठी हा दीड तास आहे. एका पुढाऱ्यांकडून "रीतसर उद्घाटन करू" असा निरोप आला होता. चहाला या, खुर्ची इतरांच्याच रांगेत असेल, असं कळवलं. आले नाहीत.

आता वही. आलेल्यांची हजेरी घेणारे कट्टे पुष्कळ आहेत. तीस आले, चाळीस आले, फोटो टाकला. ज्याला खरी गरज असते तो फोटोत नसतो. आमची वही न आलेल्यांची आहे. दोनशे पानी, आडव्या रेघा, चार रकाने: नाव, कितवा बुधवार चुकला, कोण भेटलं, पुढे काय. एक बुधवार चुकला की त्याच रात्री फोन. लागोपाठ दोन चुकले की दुसऱ्या दिवशी दारात. फोनवर किंवा दारात "का आला नाहीत?" विचारायचं नाही, ती शाळेतल्या बाईंची भाषा आहे. भडंगाची पुडी घेऊन जायचं. "तुमचा वाटा राहिला होता, सादळायच्या आत दिलेला बरा." पुडी हातात असली की दारात उभं राहायला कारण मिळतं, आणि दार उघडणाऱ्याला आत बोलवायला.

२७ ऑगस्टला बुधवारीच गणेश चतुर्थी आली. सगळे घरी, कोण येणार म्हणून कट्टा बंद ठेवला. हाच तो चुकलेला बुधवार. ज्यांच्या घरी गणपती आणि गोतावळा, त्यांना काहीच फरक पडला नाही. पण ३ सप्टेंबरला पाच जण आलेच नाहीत. फोन केल्यावर एकेक कळलं: सुतक असल्याने गणपती बसवला नाही, मुलगा येतो म्हणाला आणि आला नाही, शेजारच्या आरतीला कोणी बोलावलं नाही. सणाचा दिवस हा एकट्या माणसाचा सगळ्यात लांब दिवस असतो, हे आम्हाला आधी सुचायला हवं होतं. तेव्हाच ठरवलं, सणाला कट्टा बंद नाही. २२ ऑक्टोबरला, पुन्हा बुधवारीच, दिवाळीचा पाडवा होता. चाळीस मिनिटंच बसलो, घरचाच फराळ, सात माणसं. पण ती सात कोण होती ते यादीवरून आधीच ठाऊक होतं, त्यांच्यासाठीच दार उघडलं होतं.

वहीने एकदा घातही केला. सप्टेंबरच्या मध्यावर ती चहाच्या टेबलावर उघडी राहिली. "पुढे काय" या रकान्यात आमच्यातल्या एकाने भाबडेपणाने लिहिलं होतं, "सुनेशी पटत नाही, रडत होत्या." दोन दिवसांत ते घरापर्यंत पोहोचलं. त्या बाई महिनाभर फिरकल्या नाहीत, आणि सून आमच्या दाराशी येऊन जे बोलली ते तिच्या बाजूने योग्यच होतं. ते पान फाडून टाकलं, घरी जाऊन माफी मागितली. तेव्हापासून वहीत आजार नाही, घरातली भांडणं नाहीत, पैशाचं काही नाही. "भेट झाली, पुन्हा शुक्रवारी" एवढंच. वही एकाच्याच घरी राहते, मोबाइलवर तिचा फोटो काढायचा नाही. बाकीचं डोक्यात ठेवायचं, आणि डोक्यात मावत नसेल तर आपण जास्त घरं घेतलीत असं समजायचं. एकाने पाचच्या वर घरं घेऊ नयेत.

कट्ट्याने काय होत नाही, तेही सांगायला हवं. दोन आठवड्यांच्या वर रोजचं उदास वाटणं, झोप आणि भूक गेलेली, आवडत्या गोष्टीतही मन नाही, हे चहाने जात नाही, त्याला डॉक्टर लागतो. पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयातल्या केंद्राने 'आत्मीयता' या उपक्रमात गावातल्याच माणसांना भावनिक आधार द्यायला तयार केलं, पण तिथे प्रशिक्षण होतं आणि वर देखरेख होती. आमच्याकडे दोन्ही नाही. म्हणून आमचं काम ओळखणं आणि सोबत जाणं, इतकंच.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात अशीच एक पुडी घेऊन गेल्यावर दारातच ऐकू आलं, "आता पुरे झालं." अशा वेळी विषय बदलू नका. "असं काय बोलता, नातवंडांकडे बघा" हेही नको. सरळ विचारायचं: "जीव द्यावा असं मनात येतंय का?" विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरते ही भीती खोटी आहे. उलट विचारणाऱ्यापाशी माणूस मोकळा होतो. उत्तर "हो" असेल तर त्याला एकटं सोडून निघायचं नाही. घरातली फवारणीची औषधं, गोळ्यांचा साठा हलवायचा, घरच्या एकाला विश्वासात घ्यायचं, आणि तिथूनच १४४१६ लावायचा. ही सरकारची टेलिमानस सेवा, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. फोन स्पीकरवर ठेवून आपण बाजूला बसायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीला सोबत जायचं. सकाळी लवकर निघा, आधीचे कागद, चालू औषधांची पाकिटं आणि आधार कार्ड पिशवीत टाका, डबा आणि पाण्याची बाटली घ्या, अर्धा दिवस जातो. रांगेत ओळखीचं कोणी भेटलं तर काय सांगायचं ते निघतानाच ठरवून ठेवलं होतं: "झोपेच्या तक्रारीसाठी." ते खोटंही नव्हतं. पोलीस केस होईल ही भीती घरोघर आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ असं धरून चालतो की जीव द्यायचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता, आणि त्याला शिक्षा नाही तर उपचार मिळायला हवेत. हे घरच्यांना समजावून सांगितलं की ते सोबत यायला तयार होतात.

नोव्हेंबर-डिसेंबरबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. आकडा पंचवीस-तीसच्या आसपास स्थिरावला. बाराच्या वर माणसं एका टेबलाला बसली की बोलणारे पाच आणि ऐकणारे सात होतात, म्हणून टेबलं तीन केली. चौघांपैकी एकाने डिसेंबरात सुट्टी घेतली, आणि ती घेतलीच पाहिजे. दर आठवड्याला इतरांची दारं वाजवणाऱ्याला स्वतःच्या घरी बोलायला उरत नाही. त्याच्या जागी दार सांभाळायला आले ते लसणाचे अण्णा.

१४ जानेवारीची संक्रांत बुधवारीच होती. आदल्या बुधवारी प्रश्न निघाला की बायकांचं हळदीकुंकू इथेच करायचं का. हळदीकुंकू म्हटलं की आमच्या निम्म्या बायकांनी घरीच थांबायचं. नवरा गेलेल्या बाईला कोणी "येऊ नका" म्हणत नाही, नुसतं आमंत्रण जात नाही. बराच वेळ कोणी काही बोललं नाही. मग त्यांच्यातल्याच एक आजी म्हणाल्या, "तिळगूळ द्या सगळ्यांना, पुरुषांनाही. कुंकवाचा डबा आणूच नका म्हणजे झालं." तसंच केलं. तीळ एक किलो, गूळ सव्वा किलो, दाण्याचं कूट अर्धा किलो, वड्या थापायला पाच हात. पाक थोडा जास्त झाला, वड्या दगडासारख्या झाल्या, कवळीवाल्यांसाठी खलबत्त्यात कुटून चुरा करून दिला.

त्या संध्याकाळी चौतीस माणसं आली. रात्री वहीत तीन नावं लिहिली. पहिल्या दोघांना फोन झाला. तिसऱ्यांचा हा दुसरा बुधवार चुकलेला, म्हणून गुरुवारी सकाळी चुऱ्याची पुडी घेऊन अण्णा गेले.